कार्टूनच आहे, बघू दे की!

वाचक विचारतात, ताई सांगतात

प्रश्न : नमस्कार ताई, मी नाशिकहून लिहितेय. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे, मुलगा पाच पूर्ण, सिनियर केजीत. मे महिन्यात मोठ्या दिरांचा मुलगा राहायला आला होता, तेरा वर्षांचा, त्याने दोघांना नेटफ्लिक्सवर 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' हे कार्टून लावून दिलं. आता मुलगी पुरती वेडी झालीये, उठल्यापासून तेच. धाकटा पण तिला चिकटून बसतो पण मधेच उशी तोंडावर घेतो, आणि एकदा रात्री उठून माझ्याजवळ येऊन झोपला, काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाला, "हाडं". नवरा म्हणतो कार्टूनच आहे, बघू दे की, आपण काय लहानपणी कमी मारामारी बघितली. सासूबाईंचं वेगळंच, त्या म्हणतात टक्कल केलेला पोरगा काय, अवतार काय, चक्रं काय, आपल्या देवाधर्माची चेष्टा चाललीये. मला उगाच बंद पण करायचं नाही आणि डोळे मिटून चालू पण ठेवायचं नाही. कसं ठरवायचं? कुठले भाग गाळायचे ते माहीत असेल तर तेही सांगा.

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द तुमच्या धाकट्याने सांगितलाय, हाडं. त्यावरून तो कुठल्या भागाला घाबरला ते लगेच कळलं, पहिल्या सीझनचा तिसरा भाग. तुम्ही तो बघितला नसेल तर सांगते, कारण सगळा प्रश्न त्या एका भागात आहे.

या गोष्टीतल्या काही माणसांना पाणी, आग, वारा हाताने हवा तसा वळवता येतो. आंग हा बारा वर्षांचा मुलगा, म्हणजे मालिकेतला अवतार, शंभर वर्षं बर्फात गोठून राहिलेला असतो, आता तो कटारा आणि सोका या बहीणभावाला घेऊन आपल्या जुन्या घरी, डोंगरावरच्या मठात येतो. त्याला वाटतंय आपली माणसं कुठेतरी असतीलच. सोकाला मधेच शत्रूसैनिकाचं हेल्मेट सापडतं, आणि आंगला दिसू नये म्हणून कटारा त्याच्यावर चक्क बर्फ पाडते, झाकून टाकते. मग एक माकडासारखं पिल्लू दिसतं, आंगला ते पाळायचंय आणि सोकाला खायचंय, दोघं त्याच्यामागे धावतायत, घरातली सगळी पोरं खदाखदा हसतायत, आणि त्या धावपळीत आंग एका फाटक्या पडद्यामागे शिरतो. आत सांगाडा. गळ्यात ओळखीची लाकडी माळ. त्याच्या गुरूचा, ग्यात्सोचा सांगाडा, आणि भोवती शत्रूच्या सैनिकांचे सांगाडे.

आता तुमच्या पाच वर्षांच्याने काय बघितलं, तर हाडं. कवटी. आणि नंतर आंगचे डोळे पांढरेफटक चमकायला लागतात आणि वादळ सुटतं, ते. आठ वर्षांच्या मुलीने काय बघितलं, तर याला जगात कोणीच उरलं नाही, याची सगळी माणसं मारली गेली आणि याला आत्ता कळतंय. तिला सांगाड्याचं काही वाटलं नसेल, पण ती गप्प झाली असेल, आठवून बघा. एकच सीन आहे, पण दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी बघितल्या. म्हणून 'हे कार्टून लहान मुलांना चालतं का' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, तुमच्याच घरात दोन आहेत.

हे मी माझ्या मनाने नाही सांगत. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअ‍ॅन कँटर या प्राध्यापिकेने मुलं टीव्ही बघून का घाबरतात यावर वर्षानुवर्षं काम केलंय. १९७७ ते १९८२ या काळात 'इन्क्रेडिबल हल्क' ही मालिका तिकडे जोरात होती, त्यात साधा माणूस रागावला की हिरवा राक्षस होतो, पण तो चांगला, लोकांना वाचवणारा. त्यांना दिसलं की मोठ्या मुलांना त्यात जीव धोक्यात आलेल्या माणसांची काळजी वाटायची, आणि अगदी लहान मुलं सगळ्यात जास्त घाबरायची ती तो माणूस हिरवा होताना. तो चांगलाय, वाचवायला आलाय, हे त्यांना सांगून उपयोग नाही, कारण त्या वयात जे दिसतं तेच खरं. सहा-सात वर्षांनंतर मुलं हळूहळू दिसतंय त्याच्या पलीकडे जायला लागतात, मग विद्रूप चेहऱ्याची भीती कमी होते आणि 'असं खरंच झालं तर' ही भीती वाढते. आई मेली तर, बाबा असे वागले तर, हे सुरू होतं.

तुमच्या मिस्टरांना हेच सांगा. आपण सगळे मारामारी मोजत बसतो, किती गुद्दे, किती तलवारी, आणि या मालिकेत मारामारी भरपूर असली तरी रक्त जवळजवळ नाही, लोक आपटतात आणि उठतात. त्या हिशोबाने ती निरुपद्रवीच वाटणार. पण मुलं मारामारीला घाबरत नाहीत हो, ती चेहऱ्यांना घाबरतात, अंधाराला, आवाजाला, आणि मोठी झाली की दुःखाला.

आता वयाच्या शिक्क्याबद्दल. ही मालिका अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर २००५ ते २००८ मध्ये आली, तीन सीझन, ६१ भाग, प्रत्येकी साधारण तेवीस मिनिटं. तिकडचा शिक्का टीव्ही-वाय७-एफव्ही, म्हणजे सातच्या पुढे आणि काल्पनिक मारामारी आहे असा इशारा. तो सातचा आकडा कुठून आला ते बघण्यासारखं आहे, त्यांच्या नियमात म्हटलंय की खरं आणि खोटं यातला फरक कळायला लागलेल्या मुलांसाठी. म्हणजे आकडा वयाचा आहे पण अट समजेची आहे. आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीवाल्यांना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशा पायऱ्या लावायला सांगितल्या, स्क्रीनवर सुरुवातीला कोपऱ्यात येतं ते हेच. तो शिक्का जरूर बघा पण तेवढ्यावर थांबू नका, कारण शिक्का सगळ्या मालिकेला मिळून एक असतो आणि या मालिकेचा पहिला भाग आणि पन्नासावा भाग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुरुवातीला पेंग्विनवर बसून घसरगुंडी चाललीये, आणि तिसऱ्या सीझनला येईपर्यंत युद्ध, तुरुंग, सूड.

तर मुलीसाठी माझं मत स्पष्ट हो आहे. बघू द्या, आणि जमलं तर तुम्ही सोबत बसा, उपकार म्हणून नाही, तुम्हालाच आवडेल. या वयाच्या मुलांसाठी इतकं नीट लिहिलेलं फार कमी असतं. झुको नावाचा खलनायक आहे, तोंडावर भाजल्याचा मोठा व्रण असलेला राजपुत्र, पहिल्या दहा भागांत मुलं त्याचा राग राग करतात आणि मग बाराव्या भागात कळतं की तो व्रण त्याच्या बापाने दिलाय, सगळ्यांसमोर, का तर तेरा वर्षांच्या पोराने सैनिकांचा जीव वाचावा म्हणून तोंड उघडलं. प्रत्यक्ष भाजताना दाखवत नाहीत, बघणारा काका मान फिरवतो तेवढंच, पण आठ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. त्या रात्री "बाबा असं करू शकतात का" असा प्रश्न येऊ शकतो. आला तर टाळू नका. आणि ज्या घरात वडिलांचा हात उठतो किंवा आवाज फार चढतो तिथल्या मुलाला हा भाग वेगळाच लागतो, तिथे मी आधी विचार करीन. त्या झुकोला सांभाळणारा काका आयरो मात्र सोनं आहे, चहाचा वेडा, आपल्याकडे प्रत्येक खानदानात असा एक काका असायला हवा.

धाकट्याचं उत्तर जरा लांबणीवर आहे. सरसकट नाही असं मी म्हणणार नाही, कारण बहीण बघते आणि मला हाकलतात हे दुःख पाच वर्षांच्या वयात हाडांपेक्षा मोठं असतं. पण सगळं त्याच्यासमोर लावू नका. पहिल्या सीझनमधले बरेचसे भाग चालतील. परीक्षा घ्यायची असेल तर सातवा भाग दिवसाढवळ्या, जेवण झाल्यावर, तुमच्या मांडीवर बसवून लावा. त्यात गावावर रोज संध्याकाळी एक काळापांढरा राक्षस येतो आणि माणसं पळवतो, दिसायला भयंकर आहे, पण त्याचं जंगल जळालं म्हणून तो चिडलाय हे आंगला कळतं, तो त्याला एक बी दाखवतो की जंगल परत उगवेल, आणि राक्षसाचा पांडा होऊन तो निघून जातो. भीती त्याच भागात सुटते. हे फार महत्त्वाचं, लहान मुलाला भीती वाटली तर चालते पण ती त्याच बैठकीत संपायला हवी, 'पुढील भागात पाहा' हे त्याला झेपत नाही. हा भाग बघून तो पांडाबद्दल बोलत राहिला तर पुढे जा, राक्षसाबद्दलच बोलत राहिला तर वर्षभर थांबा, काही बिघडत नाही.

गाळायचे म्हणाल तर धाकट्यापुरता पहिल्या सीझनचा शेवटचा, विसावा भाग गाळाच. त्यात कोह नावाचा प्रकार आहे, गोमेसारखं लांब अंग आणि तोंडाच्या जागी सारखे बदलणारे चोरलेले चेहरे, समोरच्याच्या चेहऱ्यावर जरा जरी भाव दिसला की तो चेहराच काढून घेतो. मोठ्या मुलांना हे जाम आवडतं, ती नंतर स्टॅच्यू खेळल्यासारखी एकमेकांसमोर मख्ख तोंड करून बसतात, पण पाचच्या मुलाला तो न हलणारा चेहरा आणि ते बिनचेहऱ्याचं माकड महिनाभर पुरेल. शिवाय त्याच भागात एक राजकन्या चंद्राला वाचवण्यासाठी जीव देते, तेही आहे. दुसऱ्या सीझनचा सोळावा भाग, त्यात अप्पा, म्हणजे त्यांचा तो सहा पायांचा उडणारा बैल, एकटा पडतो, सर्कशीत त्याला आगीने घाबरवतात, मारतात. घरी कुत्रा-मांजर असलेली मुलं इथे हमखास रडतात, मोठीसुद्धा. आणि तिसऱ्या सीझनचा आठवा. तो मी मुलीलाही दहाच्या आधी एकटीने बघू देणार नाही. पौर्णिमेची रात्र, गावातून नाहीशी होणारी माणसं, एक गोड बोलणारी म्हातारी, आणि मग कळतं की ती माणसाच्या अंगातलं रक्तच पाण्यासारखं वळवून त्याला बाहुलीसारखा नाचवू शकते. शेवटी आपल्या कटारालाही तेच करावं लागतं आणि ती रडत उभी राहते, भाग तिथेच संपतो. भीती त्या भागात सुटत नाही, मुद्दामच सोडवलेली नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. दुसऱ्या सीझनचा शेवट रात्री झोपायच्या आधी अजिबात लावू नका, त्यात आंगला पाठीत वीज लागते आणि तो जवळपास मेलेलाच असतो, शहर हरतं, संपलं. तिथे टीव्ही बंद केलात तर मुलगी झोपणार नाही आणि तुम्हालाही झोपू देणार नाही. तो आणि तिसऱ्या सीझनचा पहिला असे दोन्ही रविवारी दुपारी सलग लावा, पुढच्यात तो शुद्धीवर येतो. बाकी वेळेला मात्र उलटं, प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप लागतो ते ऑटोप्ले बंद करा. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको म्हणते, त्यात मोबाईल पण आला, म्हणजे दोन भाग झाले की कोटा संपला.

आणि धाकटा घाबरलाच तर 'अरे खोटं असतं ते, चित्र आहे' हे सांगण्यात वेळ घालवू नका. मोठ्या मुलांना त्याचा उपयोग होतो, या वयात फारसा नाही. जवळ घ्या, दूध द्या, गोधडी द्या, लाइट लावा. बघताना घाबरतोय असं दिसलं तर आवाज बंद करून बघा, निम्मी भीती संगीताची असते, विश्वास नसेल तर तुम्ही स्वतः म्यूटवर एखादा भयपट लावून बघा, हसायला येईल.

सासूबाईंचा मुद्दा राहिला. तो हसण्यावारी नेऊ नका, त्यांना विचारल्याशिवाय घरात कुठलं तरी अवतार-चक्र सुरू झालंय, वाटणारच. खरं म्हणजे या लोकांनी बरंच काही आपल्या आणि शेजारच्या परंपरांतून उचललंय आणि बऱ्यापैकी आदराने उचललंय. आंगचा मठ तिबेटी वळणाचा आहे, लहानपणी हजारो खेळण्यांमधून त्याने आधीच्या अवतारांची चारच खेळणी बरोबर उचलली म्हणून तो ओळखला गेला, दलाई लामांना शोधण्याची पद्धत माहीत असलेल्याला हे लगेच लक्षात येतं. दुसऱ्या सीझनच्या एकोणिसाव्या भागात पथिक नावाचे गुरुजी आहेत, दाढीवाले, ते ओढ्यातली डबकी दाखवून सात चक्रं समजावतात, एकेका डबक्यात शेवाळ साचलंय ते काढलं की पाणी वाहतं. अर्थात चक्रांची मांडणी त्यांच्या सोयीची आहे, आपल्या योगाच्या पुस्तकाशी ताडून बघायला जाऊ नका. तो भाग सासूबाईंना शेजारी बसवून लावा, त्यांना चुका काढू द्या, नातवंडांना खरी चक्रं कुठली ते त्या सांगतील आणि भांडण मिटेल. वर आंग शुद्ध शाकाहारी आहे हेही कानावर घाला.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा. हेच कार्टून बघून दिवसभर हातवारे करतो, लाथा मारतो, धाकट्या बहिणीला परवा जोरात लागलं. बंद करू का? (एक बाबा, ठाणे)

उत्तर : बंद नका करू, जागा ठरवून द्या. ते हातवारे उगाच नाहीत, मालिकेतल्या पाणी वळवणाऱ्यांच्या हालचाली ताई-ची या चिनी व्यायामप्रकारावरून घेतल्यात, आग वळवणाऱ्यांच्या उत्तरेकडच्या शाओलिन कुंग फूवरून, आणि हे नीट व्हावं म्हणून कुंग फूचा खरा शिक्षक सल्लागार होता. मुलाला अंगात काहीतरी शिरल्यासारखं होणारच. गच्चीवर किंवा गादीवर, समोर माणूस नसताना, हवं तेवढं. बहिणीला लागलं की त्या दिवशीचा भाग रद्द, आरडाओरडा न करता, फक्त रद्द. जवळपास कराटेचा क्लास असेल तर घालून टाका, या वयात शिस्त पटकन बसते.

मला काळजी दुसरीच आहे. मालिकेत आग हातातून निघते आणि ती बघायला फार सुंदर दिसते. काडेपेटी, लायटर आणि देवघरातलं निरांजन थोडे दिवस वर ठेवा. आणि गॅसचा नॉब रात्री खालून बंद.

प्रश्न : नातू सात वर्षांचा आहे, त्याचे आईबाबा ऑफिसला असतात तेव्हा मी सांभाळते. नातू म्हणतो अवतार लाव. टीव्हीवर त्या नावाचं दोन-तीन प्रकारचं दिसतं, एकात खरी माणसं आहेत. मला वाटलं खरी माणसं असलेलं बरं असेल. कुठलं लावू? (एक आजी, पुणे)

उत्तर : आजी, बरं झालं विचारलंत. खरी माणसं असलेलं लावू नका. ते नेटफ्लिक्सने २२ फेब्रुवारी २०२४ ला आणलं, गोष्ट तीच, पण अमेरिकेत त्याला टीव्ही-१४ शिक्का आहे, म्हणजे चौदाच्या आतल्या मुलांसाठी आईवडिलांनी जपून. वर पहिल्या पत्राच्या उत्तरात मी ज्या मठाचं सांगितलं ना, कार्टूनमध्ये तिथे फक्त जुनी हाडं दिसतात, काय घडलं ते मुलाने समजून घ्यायचं. यात तो हल्ला पहिल्याच भागात समोर दाखवलाय, आगीत सापडलेली माणसं, पळणारी मुलं. सात वर्षांच्याला नाही. 'द लेजंड ऑफ कोरा' म्हणून तिसरं दिसत असेल, ते कार्टूनच आहे आणि त्याच दुनियेतलं पण पुढच्या काळातलं, २०१२ ते २०१४ चं, त्यात खून-आत्महत्या असलं येतं, ते तो बारा-तेराचा झाला की स्वतःच शोधेल.

तुम्ही टक्कल, कपाळावर निळा बाण आणि हाताने काढलेली चित्रं असलेलं लावा. आणि मुलाला किंवा सुनेला एक काम सांगा, कॉम्प्युटरवर नेटफ्लिक्सच्या अकाउंटमध्ये जाऊन नातवाच्या प्रोफाइलवर वयाची मर्यादा घालायची आणि तिथेच नावं ब्लॉक करायची सोय आहे, त्यात या दोन्ही मालिका टाकायच्या, म्हणजे त्याला त्या दिसणारच नाहीत. मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन टाकायला विसरू नका म्हणावं, आणि तो पिन नातवाची जन्मतारीख नको, ती त्याला पाठ असते.